निजामशाहीतील एक रजई: राजवैद्य, दरबारी कारस्थाने आणि कादंबरी लिहिताना पडलेला पेच

वाटसरू_नगर (धागालेखिका)

गेली तीन वर्षे मी एका ऐतिहासिक कादंबरीचा आराखडा मांडते आहे आणि मोडते आहे. काळ निजामशाहीचा, स्थळ तेव्हाचे अहमदनगर, आणि मध्यवर्ती पात्र राजवाड्याच्या औषधशाळेत खल-बत्ता चालवणारा एक तरुण. हे पात्र काल्पनिक आहे. भोवतालची माणसे बहुतांशी खरी आहेत. एका प्रकरणापाशी माझे लेखन अडले आहे, आणि जाणकारांनी तिथे मत द्यावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी एक कुरकूर. आपल्या ऐतिहासिक कथांमध्ये राजवैद्याने पडद्यामागून पाऊल टाकले की पुढे काय घडणार ते वाचकाला कळून चुकते. कोणीतरी त्याच्या हातात पुडी ठेवते, दुधाचा पेला येतो, नखे निळी पडतात. विषप्रयोग हे दरबारी वैद्याच्या कथेतील सर्वांत स्वस्त कारस्थान आहे, कारण त्यासाठी वैद्यकही कळावे लागत नाही आणि राजकारणही. मला ते टाळायचे आहे. जुने दाखले वाचताना मला सतत जाणवत राहिले की दरबारात रोगी बरा झाला यापेक्षा तो कोणामुळे बरा झाला, हा प्रश्न कितीतरी मोठा असे. खरी झुंज श्रेयासाठी होती, आणि ती पुष्कळदा औषध देणाऱ्याच्या हातून केव्हाच निसटलेली असे.

माझ्या अडलेल्या प्रकरणाचा प्रसंग फिरिश्ता या फारसी इतिहासकाराच्या इतिहासात येतो. साल १५३७च्या सुमाराचे. पहिल्या बुऱ्हाण निजामशाहाचा लाडका मुलगा अब्दुल कादिर तापाने फणफणला होता आणि उपाय थकले होते. इराणातून परागंदा होऊन आलेला शाह ताहिर हा विद्वान तेव्हा बुऱ्हाणशाहाच्या विश्वासातला होता. त्याने सुचवले की मुलगा वाचला तर बारा इमामांच्या नावाने दानधर्म करण्याचा नवस बोलावा. त्या रात्री बाप मुलाच्या उशाशी बसून राहिला. मुलगा अंगावरची रजई सारखी लाथाडत होता आणि बाप ती पुन्हा पुन्हा घालत होता. अखेर, ही शेवटचीच रात्र असेल तर निदान त्याला हवे तसे निजू द्यावे, असे वाटून त्याने हात आवरला. पहाटे बापाचा डोळा लागला, स्वप्नात पैगंबरांचे दर्शन झाले, आणि जाग आली तेव्हा रजई मुलाच्या अंगावर नीट पांघरलेली होती. खोलीतील दाई आणि इतर सेवकांना विचारले, तर ती कोणीच घातली नव्हती. ताप उतरला होता. पुढे बुऱ्हाणशाहाने शिया पंथ स्वीकारून तो राज्याचा पंथ केला, सुन्नी विद्वानांचा मोठा गट बिथरला, मुल्ला पीर मुहंमदाने बंड पुकारले आणि त्याची रवानगी कैदेत झाली. गंमत अशी की शाह ताहिरची विद्वत्ता परांड्यात पाहून त्याची वाखाणणी करत नगरला परतलेला माणूस हाच पीर मुहंमद होता.

एका लहान मुलाचा ताप उतरला आणि राज्याचा पंथ बदलला. कादंबरीकाराला याहून अधिक काय हवे? पण ती रजई कोणी घातली, हे कादंबरीने सांगावे का? पहिल्या खर्ड्यात मी ती दाईकडून घालवली आणि दाईला शाह ताहिरच्या बाजूच्या एका सरदाराने फितवलेली दाखवली. प्रकरण वाचून पाहिले तेव्हा त्यात रहस्यकथेचा वास येऊ लागला. दुसऱ्या खर्ड्यात मी चमत्कार तसाच ठेवला, तर माझा औषधे कुटणारा नायक निष्कारण खोलीत उभा राहिला. आपण काय कराल?

मोडीलिपी

प्रसंगाची निवड उत्तम आहे, मात्र दोन-तीन बाबी आधी दुरुस्त कराव्यात असे सुचवतो.

आपण मागे एका धाग्यावर या कादंबरीचे जे पान दिले होते, त्यात नायक "दगडी तटावरून" भिंगाराकडे पाहतो. नगरच्या किल्ल्याचा दगडी तट बुऱ्हाणशाहाचा मुलगा हुसेन निजामशाह याने बांधला आणि ते काम १५५९च्या सुमारास सुरू झाले. १५३७ साली तिथे मातीचा कोट होता. त्याच पानात औषधशाळेबाहेर मिरच्या वाळत घातलेल्या आहेत. मिरची पोर्तुगीजांबरोबर आली हे खरे असले, तरी त्या काळी ती नगरच्या अंगणात वाळत पडली असेल असे मानवत नाही. तिथे मिरी, पिंपळी आणि सुंठ वाळवा; औषधशाळेला त्याच अधिक शोभतील. हुक्काही काढून टाका. तंबाखू दख्खनमधून अकबराच्या दरबारी पोहोचली ती सतराव्या शतकाच्या तोंडावर.

आता रजईविषयी. फिरिश्त्याने आपला इतिहास विजापुरात दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या आश्रयाने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिला, म्हणजे प्रसंगानंतर सुमारे सत्तर वर्षांनी. त्याचे बालपण नगरच्या दरबारात गेले होते आणि तो स्वतः शिया होता. तेव्हा ही कथा त्याने ऐकली ती, ज्या घराण्याने त्या रात्रीच्या बळावर पंथ बदलला, त्याच घराण्याच्या वाड्यात. दोन पिढ्यांच्या सांगण्यातून ती घासून गुळगुळीत झालेली असणार. त्यामुळे "रजई कोणी घातली" याच्याही आधी "रजईची गोष्ट प्रथम कोणी सांगितली" हा प्रश्न येतो, आणि माझ्या मते आपल्या कादंबरीचे कारस्थान तिथे दडलेले आहे. आपला नायक पुढे म्हातारा होऊन ही कथा दुसऱ्याच्या तोंडून ऐकतो, आणि तीत त्याच्या औषधाचा उल्लेखही उरलेला नाही, असे काही करता येईल का, पाहावे.

सहाण_उगाळी

मी व्यवसायाने वैद्य आहे, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. तरी ही कथा वाचून मला हसू आले, कारण आपण सर्वांनी खोलीतील दाई, सेवक, सरदार, शाह ताहिर आणि साक्षात पैगंबर यांचा विचार केला, पण पलंगावर निजलेल्या मुलाचा कोणीच केला नाही.

ताप चढत असतो तेव्हा रोग्याला हुडहुडी भरते आणि तो पांघरूण मागतो. ताप माथ्यावर पोहोचला आणि उतरू लागला की अंगाची लाही होते, घाम फुटतो आणि तो पांघरूण लाथाडतो. घामाने कपडे भिजले, अंग निवले, की पहाटेच्या गारव्यात त्याला पुन्हा थंडी वाजते आणि तो अर्धवट झोपेत पांघरूण ओढून घेतो. लहान मुले तर हे हमखास करतात. घरात तापाचे मूल असलेल्या कोणत्याही आईला विचारावे. बापाने जे मरणाचे चिन्ह मानले, ते कदाचित ताप फुटत असल्याचे चिन्ह होते. रजई पुन्हा अंगावर दिसली, याचा अर्थ मुलगा बरा होऊ लागला होता. रजईने त्याला बरे केले नाही. तो बरा झाला म्हणून रजई परत आली.

ताई, आपल्या नायकाला खोलीत काही काम नाही असे आपण म्हणता. त्याला हे काम द्या. खोलीत एवढी माणसे असताना, लाथाडलेले पांघरूण पाहून मनातल्या मनात "आता उतरेल" असे म्हणणारा तो एकटा असू द्या. आणि हे मोठ्याने बोलण्याचा त्याला अधिकार नसू द्या.

विषासंबंधी एक भर घालतो. विषप्रयोगाला आपण स्वस्त कारस्थान म्हटले, ते पटले. पण विषाची भीती मात्र दरबारी वैद्यकाचा कणा होती, तिला वगळू नका. कौटिल्याने स्पष्ट लिहिले आहे की वैद्याने औषधशाळेतून चाखून शुद्ध ठरलेले औषध घ्यावे, ते शिजवणाऱ्याला व कुटणाऱ्याला चाखवावे, स्वतः चाखावे आणि मगच राजाला द्यावे. आपला नायक कुटणारा आहे; म्हणजे राजाच्या प्रत्येक मात्रेचा पहिला घोट त्याच्या पोटात जातो. ज्याने रोज राजाचे औषध घेतले त्याची प्रकृती काय होत असेल, यावर एक स्वतंत्र प्रकरण होईल. सुश्रुताच्या कल्पस्थानात, म्हणजे त्याच्या ग्रंथातील विषांवरच्या भागात तर विषारी अन्नाची लक्षणे ओळीने दिली आहेत. ते अग्नीवर टाकले की तडतडते, ज्वाला मोराच्या गळ्यासारखी दिसते, चकोराच्या डोळ्यांचा रंग उडतो. त्याच अध्यायात विष देणाऱ्या माणसाची लक्षणेही आहेत. विचारले असता तो उत्तर देत नाही, अडखळतो, बोटांनी जमीन उकरतो, कारणाशिवाय हसतो. सुश्रुत मग स्वतःच बजावतो की भित्रा माणूस नुसत्या राजाज्ञेच्या धसक्यानेही असाच वागू शकतो, म्हणून परीक्षा जपून करावी. केवळ घाबरट असल्यामुळे संशयात सापडलेला निरपराध आचारी मला तरी पेल्यातील विषापेक्षा अधिक करुण वाटतो.

वाटसरू_नगर

वैद्यबुवा, तुमचा प्रतिसाद वाचून मी वही मिटून बाहेर एक फेरी मारून आले. तीन वर्षे त्या खोलीत वावरूनही मुलाकडे माझे लक्ष गेले नाही, याची लाज वाटली.

मोडीलिपी यांचे तट, मिरची आणि हुक्का हे तिन्ही आक्षेप मान्य. रजईची गोष्ट प्रथम कोणी सांगितली, हा प्रश्न मात्र मला जड जाईल असे दिसते, कारण त्यासाठी कथन पुढे-मागे न्यावे लागेल आणि मला सरळ रेषेत लिहायला आवडते. विचार करते.

पूर्वमेघ

श्रेयाचा मुद्दा काढलाच आहे, तर याची फार जुनी आणि माझ्या मते सर्वांत सुरेख कथा पाली विनयपिटकात, म्हणजे बौद्ध भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात आहे. उज्जैनचा राजा प्रद्योत पांडुरोगाने आजारी पडला. त्याचा स्वभाव इतका तापट की त्याला चंडप्रद्योत म्हणत. त्याने मगधाच्या बिंबिसाराकडे निरोप धाडून जीवक या वैद्याला बोलावून घेतले. जीवकाने लक्षणे पाहून ठरवले की या रोगाला औषधी तुपावाचून उतारा नाही, आणि राजाने आधीच बजावले होते की तुपाचा मला तिटकारा आहे, दुसरे काही द्या.

जीवकाने तूप कषाय द्रव्यांत असे शिजवले की रंग, वास आणि चव काढ्याचीच वाटावी. पण त्याला पक्के ठाऊक होते की तूप पचताना ढेकर येईल, राजाला कळेल, आणि तो आपली मान उडवील. म्हणून त्याने औषध देण्याआधी राजाकडून परवानगी काढून ठेवली की वैद्यांना वनस्पती खणायला वेळी-अवेळी जावे लागते, तेव्हा मला हवे ते वाहन घेऊन हव्या त्या वेशीतून केव्हाही जाऊ द्यावे. मात्रा पाजली, भद्दवतिका नावाची हत्तीण काढली आणि तो सरळ नगराबाहेर पडला. राजाला ओकारी झाली, तुपाचा वास आला, आणि त्याने काक नावाचा शीघ्रगामी दास मागावर धाडला, त्याला बजावून की वैद्य फार मायावी असतात, त्याच्या हातचे काही घेऊ नकोस. कौशांबीजवळ जीवक न्याहारी करत असताना काकाने त्याला गाठले. जीवकाने आवळा खाल्ला, पाणी प्याले आणि काकालाही आग्रह केला. तो स्वतः खातो आहे तर धोका नसावा, असे समजून काकाने अर्धा आवळा घेतला. जीवकाने नखात लपवलेले औषध त्याच अर्ध्यात होते. काकाचे पोट तिथेच मोकळे झाले, हत्तीण त्याच्या स्वाधीन करून जीवक राजगृहाकडे निघून गेला. राजा बरा झाला आणि त्याने मागाहून उंची वस्त्र भेट पाठवले.

या कथेत वैद्य बरे करतो आणि पळतो. निकाल लागेपर्यंत दरबारात थांबणे हेच त्याला सर्वाधिक धोक्याचे आहे, आणि श्रेय त्याला मिळते तेही दोन राज्ये ओलांडल्यावर. ताई, आपल्या नायकाला त्या पहाटे वाड्याबाहेर पडण्याची वाट ठाऊक आहे का, हे आधी ठरवून घ्यावे.

सोनकी

धागा रंगतदार आहे, पण एक गोष्ट खटकते. वैद्य, हकीम, शाह, मुल्ला, दास. ज्या खोलीत ही रात्र गेली तिथे दाईही होती, आणि पहिल्या खर्ड्यात तिला कोणते काम मिळाले, तर फितवले जाण्याचे!

राजवाड्याच्या जनानखान्यात प्रत्यक्ष शुश्रूषा कोणाच्या हाताने होत असे? पुरुष वैद्याला तिथे जायचे म्हणजे सोपस्कार किती! फ्रेंच वैद्य बर्नियेने लिहून ठेवले आहे की मोगल जनानखान्यात एका आजारी स्त्रीला पाहण्यासाठी त्याला नेले, तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत काश्मिरी शाल पांघरून, आंधळ्याला न्यावे तसे एका खोजाने हाताला धरून नेले. डोळे झाकलेल्या वैद्याच्या निदानाची भिस्त आतल्या बायका काय सांगतात यावरच असणार. म्हणजे लक्षण प्रथम पाहणारी, त्याला शब्द देणारी आणि कोणते लक्षण बाहेर जाऊ द्यायचे हे ठरवणारी व्यक्ती दाईच होय.

आपल्याच इतिहासातील दाखला घ्यायचा तर पुरंदर घ्या. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला तेव्हा गंगाबाई गरोदर होत्या. पुढे बारभाईंनी त्यांना पुरंदरावर नेले आणि १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवरावांचा जन्म झाला. मधल्या महिन्यांत मराठी राज्याचे सारे राजकारण एका स्त्रीच्या उदरावर तोलले गेले होते. मुलगी झाली तर ऐनवेळी बदलता यावे म्हणून इतर गरोदर बायकाही गडावर आणून ठेवल्या होत्या, अशी वदंता तेव्हा उठली आणि इंग्रज इतिहासकारांनी ती नोंदवलीही. वदंता खरी असो वा खोटी, तिचा अर्थ एवढाच की नाना फडणवीस आणि सखारामबापू यांच्याइतकेच गडावरच्या सुइणीच्या शब्दाला वजन होते. तिचे नाव आपल्यापैकी कोणी कधी ऐकले आहे का? या सुइणीवर कोणी कादंबरी लिहील तर मी रांगेत उभी राहून विकत घेईन.

उत्तरसमुद्र

मी काही वर्षांपासून कोपनहेगनला राहतो, म्हणून इथला दाखला देण्याचा मोह आवरत नाही. विषयाला सोडून होणार नाही, अशी आशा आहे.

डेन्मार्कचा राजा सातवा क्रिस्तियान मनाने आजारी होता. १७६८ साली परदेश दौऱ्यात त्याच्याबरोबर श्ट्रुएन्से नावाचा जर्मन वैद्य नेमला गेला. राजाला शांत ठेवण्याची हातोटी एकट्या या वैद्यालाच साधली होती, आणि तीच त्याची सत्ता बनली. त्याने १७७० साली युवराजाला देवीची टोचणी केली, राणी कॅरोलिन मटिल्डाचा विश्वास मिळवला आणि पुढे तिचे प्रेमही. मग राजाच्या नावाने तो स्वतःच राज्य चालवू लागला. छळ करून जबाब घेण्याची पद्धत बंद केली, छपाईवरील निर्बंध उठवले आणि दीड वर्षात हजाराहून अधिक हुकूम काढले. १७ जानेवारी १७७२च्या पहाटे, मुखवट्यांचा नृत्यसमारंभ आटोपल्यावर, राजाच्या सावत्र आईच्या गटाने त्याला पकडले आणि २८ एप्रिलला त्याचा शिरच्छेद झाला.

त्याच वर्षी, १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, थेऊरला थोरले माधवराव क्षयाने गेले. हे दोन प्रसंग शेजारी ठेवले की मला फरक जाणवतो तो असा. श्ट्रुएन्सेच्या रोग्याचा रोग अदृश्य होता, म्हणून वैद्याला त्याच्या आडून राज्य करता आले. माधवरावांचा रोग सर्वांना दिसत होता, तो किती दिवस घेईल याचा हिशेब प्रत्येक मुत्सद्दी मनात करत होता, आणि रघुनाथरावही नजरकैदेत तो करत असणार. तिथे वैद्याच्या हाती काही उरले नव्हते. राजयक्ष्मा असे भारदस्त नाव असलेल्या रोगापुढे वैद्य हतबल, आणि रोगी मात्र शेवटपर्यंत कर्जफेडीची आणि धाकट्या भावाच्या भवितव्याची व्यवस्था लावतो आहे. कादंबरीत रोग निवडतानाच राजकारण निवडले जाते, असे माझे मत आहे.

मांडवीकाठ

वाटसरूताई, आपण गार्सिया द ओर्ताचा उल्लेख केला नाही याचे आश्चर्य वाटले. गोव्याचा म्हणून मलाच तो करावा लागतो आहे.

हा पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात उतरला आणि बुऱ्हाण निजामशाहाचा वैद्य व स्नेही झाला. त्याच्याच ग्रंथात 'निजामोशा'च्या दरबारातील हकीमांशी झालेल्या चर्चा येतात. हा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला आणि तो सगळा संवादरूप आहे. ओर्ता स्वतः एका बाजूला आणि रुआनो नावाचा काल्पनिक वैद्य दुसऱ्या बाजूला. म्हणजे या वैद्यानेही आपले अनुभव सांगायला एक खोटे पात्र उभे केले होते! पटकीला इथले लोक काय म्हणतात ते त्याने टिपून ठेवले आहे, आणि तो शब्द म्हणजे आपली मोडशी. पोर्तुगीजांच्या तोंडी तिचे 'मोर्देशी' झाले आणि फ्रेंचांनी तर त्यातून 'कुत्र्याचे मरण' असा अर्थ काढला. गुजरातच्या बहादूरशाहाचा किस्साही त्यातच आहे. तो म्हणे की रात्री पोर्तुगाल, ब्राझील किंवा तुर्कस्तानला जाऊन यावेसे वाटले, तर मी थोडी भांग घेतो.

पण खरी कादंबरी पुढे आहे. ओर्ता धर्मांतरित यहुदी घराण्यातला होता आणि घरात जुना धर्म गुपचूप पाळला जात होता. १५६८ साली तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गोव्यात जाळले, आणि १५८० साली त्याची हाडे उकरून काढून तीही जाळली. गव्हर्नरांना आणि सुलतानांना औषध देणाऱ्या माणसाला जिवंतपणी कोणी हात लावला नाही.

आणखी एक पाहावे. ज्या शाह ताहिरने बुऱ्हाणशाहाला बारा इमामांचा पंथ दिला, तो स्वतः निजारी इस्माइली या वेगळ्या शिया पंथाच्या एका शाखेचा इमाम होता आणि बाहेर बारा इमामांचा अनुयायी म्हणून वावरत होता. म्हणजे एकाच सुलतानाच्या विश्वासातली दोन माणसे, एक देहाचा वैद्य आणि एक आत्म्याचा, आणि दोघांच्याही घरात एक बंद खोली. ताई, या दोघांना एका प्रकरणात समोरासमोर बसवाच.

वाटसरू_नगर

मांडवीकाठ, ओर्ता मला ठाऊक होता आणि मी त्याला मुद्दाम दाराबाहेर ठेवला आहे. युरोपीय वैद्य एकदा कथेत शिरला की सगळ्या खोल्यांमध्ये त्याचाच दिवा फिरू लागतो आणि इथली माणसे त्याच्या उजेडात दिसू लागतात. असे होते कसे, याचे एक उदाहरण देते. शाहजहानची मुलगी जहांआरा १६४४ साली कपड्यांना आग लागून भयंकर भाजली. तिला बॉटन नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने बरे केले आणि त्याच्या मोबदल्यात कंपनीला बंगालमध्ये व्यापाराची सवलत मिळाली, अशी कथा पुढे पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली. प्रत्यक्षात बॉटन आग्र्याकडे निघाला तोच १६४५ साली. तिच्या जखमा भरून काढणारे मलम आरिफ नावाच्या एका गुलामाचे होते, असे दरबारी इतिहास सांगतो. मोगल बादशाह फर्रुखसियरला बरे करणारा कंपनीचा शल्यवैद्य हॅमिल्टन खरा, १७१५चा प्रसंगही खरा, आणि कंपनीला व्यापारसवलती देणारी १७१७ची फर्माने सर्वांना पाठ आहेत. आरिफचे मलम मात्र कोणाच्या लक्षात नाही. माझी कादंबरी आरिफच्या बाजूची आहे.

तरी बंद खोल्यांचा मुद्दा मोठा आहे. शाह ताहिरकडे मी आतापर्यंत डावपेच करणारा मुत्सद्दी म्हणूनच पाहत होते. नवस सुचवताना तोही घाबरलेला असू शकतो, कारण मुलगा दगावला असता तर दोष त्याच्याच माथी आला असता, हे आता मनात घोळते आहे.

सोनकीताईंचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. नायक आता औषधशाळेतच राहील. त्याने पाठवलेला काढा खोलीत जाईल, तो जाणार नाही. खोलीत दाई आहे. काल रात्री लिहिलेला तुकडा इथे देते. तो कच्चा आहे, हे लक्षात घेऊन वाचावा.

"दिव्यातले तेल सरत आले होते. सुलतानांची मान छातीवर पडली होती आणि त्यांचा उजवा हात अजून पलंगाच्या काठावर होता. मुलाच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. तिने पुढे होऊन ते टिपावेत असे तिच्या मनात आले, पण हात हलवला असता तर बाप जागा झाला असता, आणि त्याला तीन रात्रींनंतर झोप लागली होती. मुलगा कुशीवर वळला. त्याने डोळे न उघडता पायाशी चाचपले, रजईचे टोक मुठीत धरले आणि घरातल्या कोणत्याही पोराने ओढावी तशी ती गळ्यापर्यंत ओढून घेतली. तिने मनात म्हटले, आता उतरला. थोड्या वेळाने सुलतान दचकून उठले, रजईकडे पाहत राहिले आणि ओरडले, 'ही कोणी घातली?' सगळ्यांनी एकसुरात सांगितले की आम्ही नाही घातली. तिनेही तेच सांगितले. ते खरेच होते. पोराने स्वतः घेतली का, असे तिला कोणी विचारले नाही, आणि तोवर सुलतान रडू लागले होते."

सहाण_उगाळी

घाम आधी कपाळावर न दाखवता मानेवर आणि वरच्या ओठावर दाखवा. तिथे तो लवकर दिसतो, आणि मुलांना सांभाळणाऱ्या बाईची नजर तिकडेच जाईल. बाकी एका अक्षरालाही हात लावू नका.

मोडीलिपी

निवेदनात रजई चालेल, पण दाईच्या मनातला शब्द तिचा स्वतःचा हवा. ती भिंगारची की परांड्याची, हे आपण ठरवले असेलच. रेशमी असली तरी तिच्या लेखी ती वाकळच.

वाटसरू_नगर

परांड्याची. वाकळ केली.